समाजमाध्यमे आणि रुग्णालयाचा दाननिधी : काही अनुभव, काही खुलासे



दरवर्षी या अहवालातून आम्ही रुग्णसेवेचा आढावा आणि लेखापरीक्षित हिशेब आपणांपुढे ठेवीत असतो. यंदा त्यासोबत एका वेगळ्या विषयावरील टिपण जोडावे, अशी सूचना विश्वस्त मंडळाने केली. त्याचे कारण साधे आहे. आमच्या लेखा विभागात येणाऱ्या दूरध्वनींत एक प्रश्न आता वारंवार विचारला जातो : ‘आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर तुमच्या रुग्णालयाच्या नावाने मदतीचा संदेश आला आहे, तो खरा आहे काय?’ कधी तो खरा असतो, कधी खरा असूनही फार जुना असतो आणि कधी नाव आमचे व खाते भलत्याचेच असते. या तिन्हींतील भेद देणाऱ्यास घरबसल्या ओळखता यावा आणि आवाहनामागचे आमचे धोरण आपणांस ठाऊक असावे, एवढ्याच हेतूने हे लिहीत आहोत.

लोकांपुढे हात पसरून लोकांचे काम उभे करणे ही आपल्याकडील नवी गोष्ट नव्हे. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागत पैसा फंड उभारला, लोकमान्य टिळकांनी त्यास पाठबळ दिले आणि त्या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्या विदर्भाचे गाडगे महाराज यांनी नाशिक, पंढरपूर येथील धर्मशाळा लोकांच्या दानातूनच उभ्या केल्या. अलीकडच्या काळात ‘लोकसत्ता’ दैनिकाने २०११ पासून गणेशोत्सवात ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम सुरू करून निवडक संस्थांची ओळख वाचकांस करून दिली आणि वाचकांनी धनादेश पाठविले. या सर्वांत एक समान धागा आढळतो. मागणारा कोण, हे देणाऱ्यास ठाऊक होते. त्याने त्यास पाहिले तरी होते किंवा ज्याच्यावर आपला विश्वास आहे अशा कोणी त्याची हमी दिली होती. आपल्या जिल्ह्यातील शेगावला देणगी देणारा भाविक आधी दर्शनास जातो, तेथील स्वच्छता व सेवाधाऱ्यांची शिस्त डोळ्यांनी पाहतो आणि मग पावती घेतो. तेथे विश्वास आधी येतो व पैसा नंतर.

समाजमाध्यमांनी हा क्रम उलटा केला. व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा फेसबुकवर संदेश येतो, छायाचित्र पाहून मन हेलावते, २०१६ साली आलेल्या यूपीआयमुळे दोन बोटांनी पैसे जातात आणि पैसे गेल्यावर मनात शंका येते की ते पोहोचले कोठे. आम्ही हे तक्रार म्हणून सांगत नाही. या सोयीमुळे जे लोक आमच्या दारापर्यंत कधीच आले नसते, त्यांचे साहाय्य आम्हांस मिळाले आहे. परंतु या माध्यमाचा स्वभाव आम्ही फार उशिरा ओळखला आणि त्याची किंमत आमच्याऐवजी एका रुग्णाच्या कुटुंबास मोजावी लागली. तो प्रसंग विस्ताराने सांगणे आमचे कर्तव्य आहे.

काही वर्षांपूर्वीच्या एका आषाढात शेतमजूर कुटुंबातील एक शाळकरी मुलगी पहाटे आमच्याकडे आणली गेली. रात्री जमिनीवर झोपली असता तिला साप चावला होता. खूण दिसत नव्हती, पोटात दुखत होते व पापण्या मिटत चालल्या होत्या. ही लक्षणे मण्यारीच्या दंशाची, हे आमच्या डॉक्टरांनी तत्काळ ओळखले. मण्यारीच्या विषाने श्वसनाचे स्नायू लुळे पडतात. लस दिल्यानंतरही रुग्णास कित्येक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. शासकीय योजनेसाठी शिधापत्रिका पाहिली तर तीत या मुलीचे नावच नव्हते. सरकारी कागद होईपर्यंत थांबणे शक्य नव्हते आणि निर्धन रुग्ण निधीतील त्या महिन्याची शिल्लक संपत आली होती.

या निधीविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, कारण अनेक देणगीदारांस त्याची कल्पना नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० मधील कलम ४१अअ आणि त्याखाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेली योजना यांनुसार धर्मादाय रुग्णालयाने दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांस विनामूल्य व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांस सवलतीच्या दराने द्यावयाच्या असतात. त्यासाठी रुग्णांच्या एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम बाजूस काढून निर्धन रुग्ण निधीत जमा करावी लागते. शहरातील मोठ्या रुग्णालयांत ही दोन टक्के रक्कमही भरीव होते. आमच्यासारख्या ठिकाणी मात्र देयकेच लहान आणि निर्धन रुग्ण अधिक. त्यामुळे निधी दर महिन्यास तोकडा पडतो व ती उणीव देणग्यांतूनच भरून काढावी लागते.

तर त्या मुलीसाठी आमच्या एका उत्साही सहकाऱ्याने आवाहन तयार केले. नळ्या लावलेल्या अवस्थेतील तिचे छायाचित्र, तिचे नाव, गावाचे नाव, वडिलांचे नाव आणि संस्थेचा खाते क्रमांक त्यात होता. आम्ही सर्वांनी ते वाचले व संमत केले, हे येथे स्पष्टपणे नोंदवितो. वडिलांनी कागदावर अंगठा दिला. आपल्या लेकीचा श्वास यंत्रावर चालला असताना कोणता बाप नाही म्हणेल, हा विचार त्या वेळी आमच्या मनात आला नाही.

संदेश सकाळी पाठविला आणि संध्याकाळपर्यंत आवश्यक रक्कम जमली. खामगाव, मलकापूर, चिखली येथून तर आलीच, परंतु पुणे, नाशिक, सुरत येथील अनोळखी माणसांकडूनही आली. मुलगी पुढे यंत्राविना श्वास घेऊ लागली व यथावकाश पायांनी चालत घरी गेली. त्या सप्ताहात आम्ही सर्वजण फार समाधानी होतो.

पुढे घडले ते असे. संदेशातील रक्कम पूर्ण झाली तरी संदेश थांबला नाही. तो थांबविण्याचा कोणताही उपाय आमच्या हाती नव्हता. एकदा हातून सुटलेले पत्रक परत गोळा करता येत नाही, तसेच हेही. काही आठवड्यांनी त्याच छायाचित्राखाली दुसराच भ्रमणध्वनी क्रमांक घातलेला संदेश फिरू लागला. आम्ही पोलिसांकडे तक्रार नोंदविली, परंतु मधल्या काळात किती जणांनी त्या क्रमांकावर पैसे पाठविले हे कळण्यास मार्ग नाही. रुग्ण बरा होऊन घरी गेला किंवा या जगातून गेला, तरी ‘रक्ताची तातडीने गरज’ असे संदेश वर्षानुवर्षे फिरत राहतात, हा अनुभव आपणांसही असेल.

साधारण दोन वर्षांनी तिचे वडील रुग्णालयात आले. उपचारासाठी आलेले नव्हते. मुलगी आता तालुक्याच्या गावी शाळेत जात होती आणि तो संदेश तिच्या वर्गमैत्रिणींच्या घरच्या भ्रमणध्वनींवर पुन्हा आला होता. त्याहून मोठे दुःख वेगळेच होते. गावात बोलले जात होते की या कुटुंबाने मुलीच्या नावावर लाखो रुपये मिळविले आणि दडविले. पुतण्याने नवी दुचाकी घेतली तरी लोक म्हणत, हा सापाचाच पैसा. वस्तुतः एक रुपयाही त्यांच्या हाती गेला नव्हता. सर्व रक्कम संस्थेच्या खात्यात आली, उपचारास लागली व उरलेली निर्धन रुग्ण निधीत जमा झाली. वडिलांचे मागणे एवढेच होते की, हे आम्ही कागदावर लिहून द्यावे, म्हणजे गावात दाखविता येईल.

आम्ही संस्थेच्या शीर्षपत्रावर जमाखर्च लिहून, शिक्का व स्वाक्षरी करून तो त्यांना दिला. परंतु त्या दिवशी मन खजील झाले. देणाऱ्यास पावती द्यावयाची, हे आम्ही वाणिज्य शाखेत शिकलो आणि सारी नोकरी त्यातच गेली. ज्याच्या नावाने पैसे मागितले, त्यासही पावती द्यावी लागते हे आम्हांस कोणी शिकविले नव्हते व आम्हांलाही सुचले नव्हते.

या माध्यमावरील शब्द किती दूरवर आणि किती अविचाराने जातो, याचे याहून भीषण उदाहरण आपल्या राज्याने पाहिलेले आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठार केले. भिक्षा मागत गावोगाव हिंडणारी ती माणसे होती. समोर उभा राहून मागणारा माणूस खोटा ठरला आणि भ्रमणध्वनीवर आलेली अफवा खरी ठरली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० पासून जो संदेश अनेक हातांतून आला आहे तो एका वेळी एकाच ठिकाणी पाठविता येतो. अशा संदेशावर दुहेरी बाणाची खूण दिसते. मदतीच्या आवाहनावर ही खूण दिसल्यास ते किती जुने आहे याची चौकशी केल्यावाचून पैसे पाठवू नयेत, ही आमची पहिली विनंती.

वरील प्रसंगानंतर विश्वस्त मंडळाने आवाहनांचे नियम ठरविले. रुग्णाचा चेहरा, नाव व गाव आम्ही आता देत नाही. २००२ च्या वैद्यकीय व्यवसाय-आचारसंहितेत रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र त्याच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करण्यास डॉक्टरांना मनाई आहेच. परंतु अनुमती असली तरी ती अतिदक्षता विभागाच्या दारात घेतलेली असते आणि अशा अनुमतीस आम्ही पूर्ण अनुमती मानीत नाही. प्रत्येक आवाहनावर तारीख, अपेक्षित रक्कम आणि ते कोणत्या दिवसापर्यंत चालू राहील हे लिहिले जाते. शिल्लक राहिल्यास ती निर्धन रुग्ण निधीत जाईल, हे आरंभीच सांगितले जाते, कारण एका रुग्णाच्या नावाने आलेला पैसा दुसऱ्यावर खर्च करावयाचा तर देणाऱ्यास ते आधी ठाऊक असणे हाच प्रामाणिक व्यवहार होय. रक्कम पूर्ण होताच ‘आवाहन समाप्त’ असा संदेश त्याच समूहांवर जातो. आणि रुग्ण घरी जाताना देयकासोबत त्याच्या नावाने जमलेल्या रकमेचा हिशेब कुटुंबाच्या हाती दिला जातो.

या नियमांची किंमत लपविणे योग्य होणार नाही. चेहरा नसलेल्या आवाहनास पूर्वीच्या मानाने बरेच कमी पैसे येतात. काही विश्वस्तांनी बैठकीत स्पष्टपणे विचारले की, आपल्या संकोचापायी उद्या एखादा रुग्ण पैशावाचून अडला तर उत्तर कोण देणार? प्रश्न रास्त आहे आणि तो मिटला असे आम्ही म्हणणार नाही. आजवर तशी वेळ आली तेव्हा जुन्या देणगीदारांस थेट दूरध्वनी करून निभावले आहे. ठरावाच्या नोंदीत विरोधी मतही लिहिलेले आहे.

छायाचित्राचे बळ किती मोठे असते, हे २०२१ साली उभ्या महाराष्ट्राने पाहिले. मज्जारज्जूशी निगडित स्नायूंच्या दुर्मिळ आजाराने पीडित असलेल्या मुंबईच्या एका तान्ह्या बालिकेसाठी सोळा कोटी रुपये किमतीचे परदेशी इंजेक्शन हवे होते. आईवडिलांनी समाजमाध्यमांवर केलेल्या आवाहनास असंख्य लोकांनी प्रतिसाद दिला, शासनाने आयातीवरील करही माफ केले आणि फेब्रुवारीत तिला औषध मिळाले. त्याच वर्षी पिंपरी-चिंचवडच्या दुसऱ्या बालिकेसाठीही लोकांनी एवढीच रक्कम उभी केली. तिला जूनमध्ये इंजेक्शन दिले गेले व ऑगस्टच्या आरंभी ती गेली. त्या देणाऱ्यांचे दान व्यर्थ गेले असे आम्ही क्षणभरही मानीत नाही. त्या वर्षीच्या केंद्र शासनाच्या दुर्मिळ आजार धोरणातही लोकांकडून ऐच्छिक देणग्या गोळा करण्यासाठी डिजिटल व्यवस्थेची तरतूद करण्यात आली. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की, एक चेहरा, एक रक्कम आणि एक मुदत असेल तर हे माध्यम पर्वत हलविते.

आमची नित्याची गरज नेमकी याच्या उलट आहे. जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातील संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांतील मूत्रपिंडविकाराचा प्रश्न आपणांस नवा नाही. डायलिसिसचा रुग्ण आठवड्यातून दोन-तीनदा येतो आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. शासकीय योजनेत बसणारा खर्च योजनेतून भागतो. परंतु एसटीचे भाडे, सोबत येणाऱ्याचा बुडालेला रोज, बाहेरून आणावी लागणारी औषधे या गोष्टी कोणत्याही देयकात दिसत नाहीत आणि त्यांपायीच रुग्ण फेरी चुकवितो. फेरी चुकली की रात्री दम लागून अत्यवस्थ स्थितीत येतो. या दुःखाचे छायाचित्र निघत नाही. शंभर-दोनशे रुपयांच्या भाड्यासाठी कोणाचे मन हेलावणार आणि हेलावले तरी दर सोमवारी व गुरुवारी कसे हेलावणार?

म्हणून आम्ही समाजमाध्यमांचा उपयोग वेगळ्या रीतीने करू लागलो आहोत. तातडीच्या आवाहनास ज्यांनी एकदा प्रतिसाद दिला, त्यांना पावतीसोबत एक छोटे पत्र जाते व त्यात मासिक देणगीची विनंती असते. फूल ना फुलाची पाकळी, परंतु दर महिन्यास. पन्नास जणांनी दरमहा दोनशे रुपये दिले तर महिन्यास दहा हजार होतात आणि ते येणार हे ठाऊक असल्याने आम्ही रुग्णास ‘पुढच्या खेपेस या, भाड्याची काळजी करू नका’ असे आज सांगू शकतो. एकदम आलेल्या मोठ्या रकमेपेक्षा ही लहान पण निश्चित रक्कम हिशेबनिसास अधिक मोलाची वाटते.

यात सर्वाधिक साहाय्य कोणाचे झाले असेल तर ते शाळांच्या जुन्या तुकड्यांचे. दहावीची तुकडी तीस वर्षांनी व्हॉट्सअ‍ॅपवर एकत्र येते. कोणी पुण्यात संगणक कंपनीत, कोणी सैन्यातून निवृत्त, कोणी येथेच शेती करणारा. त्यांतील एखादा गावात राहणारा आमच्याकडे येतो, डायलिसिस विभाग पाहतो आणि समूहावर लिहितो की मी पाहून आलो. त्या एका वाक्यासमोर आमची दहा पत्रके फिकी पडतात. पूर्वी हमी देणारे गावातील वडीलधारे असत, आता वर्गमित्र आहेत, इतकाच फरक. उलट आमच्या फेसबुकच्या पानावर अंगठ्याची चिन्हे पुष्कळ उमटतात. आपल्या भागात एके काळी सावकाराच्या कागदावर अंगठा उमटला की जमीन जात असे. या नव्या अंगठ्याने काहीच जात नाही व काहीच येतही नाही.

आवाहनाची वेळही आम्ही अनुभवाने शिकलो. नोकरदार देणगीदारास मार्चअखेर सोयीची असते. शेतकऱ्याकडे मात्र सोयाबीन व कापूस घरात येतो तेव्हा, म्हणजे दिवाळीच्या मागेपुढे, हात सैल असतो. बियाणे-खताच्या दिवसांत, ज्येष्ठ-आषाढात, त्यास संदेश पाठविणे म्हणजे त्याला अकारण लाजविणे होय. त्या महिन्यांत आम्ही ग्रामीण समूहांवर आवाहन करीत नाही.

आता व्यवहाराच्या काही गोष्टी. क्यूआर कोड वापरून पैसे पाठविताना खातेदाराचे नाव पडद्यावर दिसते. तेथे संस्थेचे नोंदणीकृत नावच असले पाहिजे. व्यक्तीचे नाव दिसल्यास, मग ती व्यक्ती आमचा कर्मचारी असली तरी, पैसे पाठवू नयेत. पैसे मिळविण्यासाठी कधीही पिन टाकावा लागत नाही, हेही ध्यानी ठेवावे. यूपीआयने रक्कम आली तरी तिच्यासोबत देणाऱ्याचा पत्ता व पॅन येत नाही. खातेउताऱ्यात केवळ एखादे अर्धवट नाव दिसते आणि कीर्दीत ते कोणाच्या नावे मांडावे हा प्रश्न पडतो.

येथे गुप्तदानाचा विषय येतो. आपल्या जिल्ह्यात नाव न सांगता देणे हे पुण्याचे मानतात आणि ती भावना आम्हांस वंदनीय आहे. परंतु ज्या देणगीदाराचे नाव व पत्ता संस्थेच्या दप्तरी नाही, ती देणगी आयकर कायद्याच्या दृष्टीने निनावी ठरते. अशा देणग्यांची बेरीज एक लाख रुपये किंवा एकूण देणग्यांच्या पाच टक्के, यांपैकी जी रक्कम अधिक असेल तिच्या पुढे गेल्यास वरच्या रकमेवर तीस टक्के दराने कर बसतो. म्हणजे रुग्णासाठी दिलेल्या शंभरांतील तीस रुपये करात जाऊ शकतात. उपाय सोपा आहे. आपले नाव नोंदवहीत असू द्यावे, ते फलकावर अथवा अहवालात प्रसिद्ध करू नये असे कळवावे. जगास गुप्त व वहीस ज्ञात, असे दान कायद्यास मान्य आहे.

देणगीवरील आयकर सवलत, जिला सर्वजण १९६१ च्या कायद्यातील कलमावरून ‘८०जी’ म्हणून ओळखतात, तिच्याविषयीही गैरसमज आहेत. आयकर अधिनियम, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू होण्याची तरतूद असल्याने कलमांचे क्रमांक बदलतात. म्हणून क्रमांकाऐवजी आशय सांगतो. आमच्यासारख्या संस्थेस दिलेल्या देणगीच्या निम्मी रक्कम, ठराविक मर्यादेत, उत्पन्नातून वजा होते, करातून नव्हे. हजार रुपये दिल्यास पाचशेची वजावट मिळते आणि वीस टक्क्यांच्या टप्प्यातील व्यक्तीचा कर सुमारे शंभर रुपयांनी कमी होतो. दोन हजारांहून अधिक रक्कम रोखीने दिल्यास ही सवलत नाही. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून जी नवी करप्रणाली मूळ प्रणाली म्हणून लागू आहे, तीत राहणाऱ्यांनाही ही वजावट मिळत नाही. तसेच २०२१-२२ पासून संस्थेने देणगीदारांचे विवरण आयकर खात्याकडे भरल्यावर निघणारे प्रमाणपत्रच ग्राह्य धरले जाते, केवळ आमची छापील पावती नव्हे. त्यासाठीच आम्ही पॅन मागतो. रुग्णाच्या नातेवाइकांच्या खात्यात थेट दिलेल्या मदतीस अर्थातच यांपैकी काहीच लागू नाही.

संदेश आता परदेशीही जातो. तेथील आपल्या मुलाबाळांची इच्छा असूनही सर्वांचे दान आम्हांस घेता येत नाही. भारतीय पारपत्र असलेली व्यक्ती परदेशात राहून स्वतःच्या बचतीतून नेहमीच्या बँक मार्गाने देणगी देऊ शकते. परंतु ज्यांनी तेथील नागरिकत्व घेतले आहे, त्यांचे दान विदेशी योगदान ठरते, मग माणूस मेहकरात जन्मलेला का असेना. ते स्वीकारण्यास केंद्रीय गृह मंत्रालयाची नोंदणी लागते आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते नवी दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतील ठराविक खात्यातच घ्यावे लागते. आमच्या संस्थेची ही नोंदणी नाही. परदेशी नागरिक झालेल्या एका डॉक्टरांची मोठी देणगी आम्ही आभारपूर्वक नाकारली, तेव्हा ते काहीसे दुखावले. त्यांनी हे टिपण वाचावे अशी इच्छा आहे.

रुग्णांच्या आप्तांस एक विनंती. आपण स्वतंत्रपणे एखाद्या लोकवर्गणी-संकेतस्थळावर आवाहन करणार असाल तर आम्ही अडविणार नाही. खर्चाचे अंदाजपत्रकही देऊ. मात्र तेथे जमलेल्या रकमेतून काय कापले जाते, देणाऱ्याकडून संकेतस्थळासाठी वेगळी ‘ऐच्छिक’ रक्कम आधीच भरून घेतली जाते काय आणि पैसे रुग्णालयाच्या खात्यात येतात की व्यक्तीच्या, हे आधी विचारावे. त्यापूर्वी आमच्या समाजसेवा अधीक्षकांना भेटावे. पुष्कळदा शिधापत्रिकेतील एक दुरुस्ती किंवा योजनेचा एक अर्ज यांनी ते काम होते, ज्यासाठी घरचा फोटो गावोगाव जाणार असतो. गावातील तरुण मंडळांनीही ध्यानी घ्यावे की, धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावयाची असल्यास, गणेश मंडळे घेतात त्याप्रमाणे, धर्मादाय कार्यालयाची कलम ४१क खालील परवानगी आवश्यक असते.

त्या मुलीविषयीचा जुना संदेश अद्याप फिरतो आहे. मागील हिवाळ्यात नाशिकहून एका गृहस्थांचा दूरध्वनी आला. आलेल्या संदेशातील क्रमांकावर पैसे न पाठविता त्यांनी रुग्णालयाचा क्रमांक शोधून काढला होता आणि मुलगी आता कशी आहे, अशी विचारणा केली. मुलगी बरी होऊन केव्हाच घरी गेली, एवढेच आम्ही सांगितले. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, पैसे बाजूला काढून ठेवले आहेत, तेव्हा दुसऱ्या कोणाला लागत असतील तर सांगा. आम्ही डायलिसिसच्या रुग्णांच्या भाड्याविषयी सांगितले. रक्कम सायंकाळी संस्थेच्या खात्यात आली, नाव-पत्ता व पॅन त्यांनी न मागता कळविला आणि पावती दुसऱ्या दिवशीच्या टपालाने रवाना झाली.